वाऱ्यावर सोडलेल्या ब्लू टँगला परत उभं कसं करायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात एका सोसायटीत तळमजल्यावरचा दवाखाना बंद पडला, तिथला तीन फुटी मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोनेक महिने वॉचमनच्या भरवशावर होता, तो बिचारा सकाळी चिमूटभर दाणे टाकायचा आणि लाईट लावायचा, त्यापलीकडे त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. बाकी सगळे मासे गेले, एकटा ब्लू टँग, म्हणजे तो निळा समुद्री मासा, उरला. चार-पाच इंचाचा आहे, पोट आत गेलंय, डोक्यावर खड्डे पडलेत, पंखांच्या कडा फाटल्यात आणि दिवसभर दगडाखाली आडवा पडून असतो. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी टँक, दगड, वाळू, जुनं पाणी सगळं उचलून घरी आणलं, आणि दुकानातून तीन बाटल्या आणल्या, एक निळं औषध, एक तांब्याचं, एक अँटिबायोटिक. आता विचारतायत की यातलं आधी कुठलं टाकू.

ताई, कुठलंच नाही. तिन्ही बाटल्या कपाटात ठेवून द्या. तुमच्या वर्णनात आजाराचं असं एकही लक्षण नाहीये, जे आहे ते उपासमारीचं आणि खराब पाण्याचं आहे, आणि त्याच्यावर बाटलीत औषध मिळत नाही. गेली कित्येक वर्षं लोकांचे मरीन टँक सांभाळतोय, असे सोडून दिलेले मासे बरेच हाताखालून गेलेत, आणि माझं ठाम मत झालंय की त्यातले जास्त मासे हयगयीने मरत नाहीत, कोणीतरी प्रेमाने घरी आणून पहिल्या तीन दिवसांत जी घाई करतं तिने मरतात. एकदम निम्मं पाणी बदललं, वाळू धुतली, फिल्टर नळाखाली खळखळून साफ केला, वरून औषध. दोन महिने तग धरलेला मासा दोन दिवसांत जातो.

आधी आडवं पडण्याचं बोलू कारण तुम्ही त्यालाच सगळ्यात जास्त घाबरलात. ब्लू टँगची ही खोडच आहे. घाबरला की दगडाच्या फटीत शिरतो, शेपटीजवळचा काटा आणि पंख ताणून स्वतःला तिथे अडकवून घेतो आणि एका अंगावर पडून राहतो, मेल्यासारखा. धडधाकट मासापण असं करतो, रात्री झोपतोही तसाच. त्यामुळे नुसता आडवा दिसला म्हणून काठीने डिवचायचं नाही, दगड हलवायचा नाही. बघायचं काय तर कल्ले. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि कल्ला किती वेळा उघडतो ते मोजा, रोज एकाच वेळी, लाईट बंद असताना, आणि वहीत लिहा. आकडा नेमका किती हवा यात जाऊ नका, तो माशागणिक आणि तापमानागणिक बदलतो, पण आजपेक्षा उद्या कमी होतोय की वाढतोय हे बघा. दोन्ही कल्ले सारखे चालतायत ना हेही बघा, एकच कल्ला चालवत असेल तर कल्ल्यात परजीवी असण्याची शक्यता असते. आणि त्याला जाळीने पकडायला जाऊ नका, तो शेपटीजवळचा काटा खरंच पात्यासारखा असतो, जाळीत अडकला की मासाही फाटतो आणि तुमचं बोटही. हलवायची वेळ आलीच तर प्लास्टिकच्या डब्यात हळूच वळवून पाण्यासकट उचलायचा.

आता पाणी. तुम्ही लिहिलंय की टँकमधलं पाणी तीन इंच कमी झालंय आणि ते भरायला सॉल्ट मिक्स आणून ठेवलंय. तीन इंच पाणी उडून गेलं पण मीठ कुठे उडत नाही, ते तिथेच राहिलंय. सतरा इंच पाण्याचं चौदा इंच झालं, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाणी किती खारट आहे ते सांगणारा आकडा) आधी १.०२५ असेल तर आता १.०३० च्या आसपास गेली असणार. त्यात परत मिठाचं पाणी ओतलं तर ती खाली येणारच नाही. समुद्री मासा सतत पाणी पीत असतो आणि आत आलेलं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतो, ह्या कामाला ताकद लागते, आणि ह्याच्या अंगात ती उरलेली नाही. म्हणून पहिलं काम, साधं आरओचं पाणी, मीठ न घातलेलं, रोज अर्धा इंच. तुमच्या तीन फूट बाय दीड फुटाच्या टँकला अर्धा इंच म्हणजे साधारण पाच लिटर. तेसुद्धा भसकन ओतायचं नाही, बादली वर ठेवून एअरलाईनच्या, म्हणजे एअरपंपच्या बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडायचं, दोन-तीन तास लागले तरी चालतील. सहा दिवसांत पातळी जागेवर येईल आणि ग्रॅव्हिटी रोज साधारण ०.००१ ने उतरत जाईल. ह्याच्यापेक्षा घाई करायची गरज नाही. मोजायला ते काटा हलणारं प्लास्टिकचं हायड्रोमीटर वापरत असाल तर त्याच्यावर विसंबू नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, त्यात थेंबभर पाण्यावर खारटपणा वाचता येतो, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशनच्या पाण्यावर सेट करून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं की झालं असं नसतं.

हे सगळं करताना अमोनियावर, म्हणजे माशाच्या घाणीतून आणि कुजण्यातून होणाऱ्या विषावर, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. टँक हलवला म्हणजे वाळू ढवळली गेली, फिल्टर काही वेळ बंद राहिला, दगड उघडे पडले, त्यातले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया थोडेफार मेले, आणि दोन-तीन दिवसांनी अमोनिया वर येतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या दुर्लक्षित टँकमध्ये पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्लधर्मी) घसरलेला असतो, ७.६ वगैरे. कमी पीएचला अमोनिया बराचसा अमोनियम ह्या रूपात असतो आणि ते माशाला फारसं बाधत नाही. आता तुम्ही छान ताजं पाणी मोठ्या प्रमाणात घातलंत, पीएच ७.६ वरून ८.२ ला गेला, की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ चौपट होतो. मालकाला वाटतं पाणी तर स्वच्छ केलं होतं, मग मासा गेला कसा. तर गेला तो असा. म्हणून पाणी बदलण्याआधी अमोनिया आणि पीएच दोन्ही तपासायचे, अमोनिया शून्य असेल तर रोज थोडं थोडं पाणी घालायला हरकत नाही, अमोनिया दिसला तर सीकेम प्राइमसारखं अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर हाताशी ठेवा आणि थोडं पाणी बदला. पण ते बदलायचं पाणी त्या दिवशीच्या टँकइतक्याच खारटपणाचं हवं, म्हणजे टँक १.०२९ ला असेल तर नवं पाणीपण १.०२९, पुस्तकातलं १.०२५ नाही. मीठ बादलीत पंप लावून २४ तास फिरवून मगच वापरायचं. ताजं कालवलेलं पाणी कल्ल्यांना झोंबतं.

नायट्रेट, म्हणजे अमोनियाचं शेवटी जे होऊन पाण्यात साठतं ते, तुमचं २०० दिसलं म्हणालात. आकडा वाईट आहे पण तो ह्या आठवड्यात त्याला मारणार नाही, त्याला त्याची सवय झालेली आहे. पातळी आणि ग्रॅव्हिटी जागेवर आली की दर एक दिवसाआड १० टक्के पाणी बदला. तीनेक आठवड्यांत, दहा वेळा झालं की ७० च्या आसपास येईल, पुढे आपोआप सोपं होतं. वाळूला मात्र अजिबात हात लावू नका. ती कित्येक महिने तशीच बसलेली असते, खाली काळी पडते, ढवळली की सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाईड. टँक आणताना असा वास आला होता का ते मला नक्की सांगा, आला असेल तर वाळू थोडी थोडी करून काढून टाकू, पण नंतर.

हवा आणि तापमान. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खारट पाण्यात आणखी कमी, आणि तुमचा टँक सध्या गरमही आहे आणि खारटही. एखादा पॉवरहेड, म्हणजे टँकमध्ये पाणी ढकलणारा छोटा पंप, असा लावा की वरचं पाणी सतत हलत राहील, शिवाय एअरपंप. चिलर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात, फक्त पाणीही जास्त उडतं हे लक्षात ठेवून रोज आरओ भरा. २६-२७ डिग्रीवर आणा पण हळूहळू, बर्फाच्या बाटल्या सोडून तासाभरात नाही. आणि बॅटरीवर चालणारा एक एअरपंप आजच घेऊन ठेवा, पावसाळ्यात लाईट गेली की असा अशक्त मासा पहिला जातो. टँकला तीन बाजूंनी वर्तमानपत्र लावा, टँकची लाईट तीन-चार दिवस बंद, खोलीतला उजेड पुरे. घरात मुलं असतील तर काचेवर टकटक करू नका म्हणून प्रेमाने सांगा, ती ऐकतात, उलट कल्ले मोजायचं काम त्यांनाच द्या.

आता खाणं, आणि ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मासा वाचतो की नाही ते इथे ठरतं.

आधी वरून बघा. समोरून पोट आत गेलेलं दिसतं ते एक, पण डोळ्यांच्या मागे, पाठीच्या दोन्ही बाजूंना मांस असतं, ते टिकून असेल तर उमेद भरपूर आहे. तिथे खोलगट होऊन पाठ धारदार दिसायला लागली असेल तर त्याने स्वतःचे स्नायू जाळायला घेतलेत, अशा वेळी सावरणं अवघड जातं, अशक्य नाही. तुमच्या फोटोत मला पाठ बऱ्यापैकी भरलेली वाटतेय.

लोक म्हणतात टँग म्हणजे शाकाहारी, पालक द्या. ब्लू टँग पूर्ण तसा नाही, समुद्रात तो शेवाळ खातो तसं पाण्यात तरंगणारे बारीक जीवही टिपतो. उपाशी माशाला आधी हलणारं खाणं दिसलं पाहिजे. जिवंत आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, मिळाला तर सोन्याहून पिवळं, अंडी आणून घरी बाटलीत उबवता येतो, एका दिवसात पिल्लं निघतात, ती मोठ्या टँगला बारीक पडतात पण भूक चाळवायला उपयोग होतो. नाहीतर फ्रोझन मायसिस, तोही तसाच बारीक कोळंबीसारखा जीव. आणि आपल्याकडे एक फार चांगली गोष्ट मिळते ती म्हणजे ओला जवळा. कोळणीकडून ताजा घ्या, सुकवलेला नको, त्यात मीठ आणि वाळू असते. आरओच्या पाण्यात दोनदा धुवा, पिशवीत पातळ पसरून फ्रीझरमध्ये आठवडाभर राहू द्या, मग नखाएवढा तुकडा तोडून टँकच्या पाण्यात सुटा करा आणि ते पाणी फेकून फक्त जवळा द्या.

द्यायचा कसा तर एका सिरिंजला एअरलाईनची फूटभर नळी लावा. पॉवरहेड दहा मिनिटं बंद, एअरपंप चालू. नळीचं टोक तो पडलाय त्या फटीपासून वीतभर लांब ठेवा आणि तीन-चार जवळे सोडा, तोंडावर नाही, जरा वरच्या बाजूला, म्हणजे ते त्याच्यासमोरून खाली येतील. आणि हात तसाच स्थिर धरून थांबा. पहिल्या दिवशी बहुतेक तो नुसता डोळा फिरवेल. हा डोळा फिरतो ना, खाली पडणाऱ्या जवळ्याबरोबर वरून खाली येतो, तीच पहिली चांगली खूण आहे, त्याला अजून खाण्यात रस आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढे येऊन तोंडात घेईल आणि थुंकेल. थुंकला म्हणून निराश होऊ नका, बरेच दिवसांचा उपाशी मासा असंच करतो, चव घेतो, सोडतो, परत घेतो. एकदा गिळला की त्याच वेळी आणखी द्यायचा मोह होईल, तो आवरा. दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी पाच-सहा घास, एवढंच. एकदम पोटभर घातलं तर ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं आणि उरलेलं कुजून पुन्हा अमोनिया. पंधरा मिनिटांत न खाल्लेलं सगळं त्याच नळीने ओढून काढायचं.

सोबत पहिल्या दिवसापासून नोरी लावून ठेवा, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, सुशीला लागतो तो साधा. मीठ, तेल, मसाला लावलेली खायची पाकिटं येतात ती अजिबात नको. दोन बोटांएवढा तुकडा क्लिपला लावून त्याच्या फटीजवळ, वर काचेला नाही, कारण आत्ता तो उघड्यावर येणार नाही. संध्याकाळी उरलेला काढा, सकाळी नवा. काठावर चंद्रकोरीसारखे कुरतडलेले दिसले की समजा गाडी रुळावर आली. पालक, लेट्यूस ह्यात त्याच्या कामाचं फारसं काही नाही, एखाद दिवस चालेल पण रोजचं खाणं म्हणून नाही. आणखी एक, काहीजण तिसऱ्या उघडून अर्ध्या शिंपल्यावर देतात, हट्टी माशाला खायला लावायला ही युक्ती खरंच चालते, पण कच्च्या शिंपल्यांत आणि बऱ्याच कोळंबीतही बी-१ जीवनसत्त्व तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे महिनोन् महिने त्यावरच ठेवू नका. खायला लागला की आलटून पालटून मायसिस, जवळा, नोरी, चांगले स्पिरुलिनाचे पेलेट, आणि दोन दिवसांतून एकदा खाण्यावर माशांचं व्हिटॅमिन चोळून दहा मिनिटं मुरवून द्या. लसणाबद्दल विचारलंत, वासाने एखादा मासा येतो पुढे, पण लसूण काही आजार बरा करत नाही.

डोक्यावरचे खड्डे आणि अंगावरून जाणाऱ्या रेषेवरची झिजलेली कातडी, ह्याला हॉबीत एचएलएलई म्हणतात. टँग आणि एंजल माशांमध्ये फार दिसतं. त्यावर अँटिबायोटिक द्यायची गरज नसते, ते एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. खाण्यातली कमतरता, ताण, आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन ही संशयित मंडळी. कार्बनचं नुसतं ऐकीव नाही, अमेरिकेत टोलेडोच्या प्राणिसंग्रहालयातल्या लोकांनी सर्जनफिशवर, म्हणजे टँगच्याच कुळातल्या माशावर, प्रयोग करून २०११ मध्ये लिहिलंय की लिग्नाईट जातीच्या, धूळ सुटणाऱ्या कार्बनने हे होतं. तुमच्या फिल्टरमध्ये वर्षानुवर्षं पडलेली कार्बनची पिशवी असेल तर ती हळूच काढून टाका, बाकीचं फिल्टर मीडिया तसंच ठेवा. खड्डे भरायला महिने लागतात, आणि खोल असतील तर वण राहतात. त्याने माशाचं काही अडत नाही.

मग औषधं कधीच नाहीत का, तर तसंही नाही. अंगावर रव्याएवढे पांढरे दाणे दिसले, तर तो मरीन इच, परजीवीमुळे होणारा आजार. मैद्यासारखी बारीक पूड अंगावर, श्वास प्रचंड वेगात, पाण्याच्या झोतात तोंड धरून उभा, तर व्हेल्व्हेट, तोही परजीवीचाच आजार, आणि त्यात मात्र वाट बघायची नाही, दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. दोन्हीला तांबं चालतं पण ते ह्या टँकमध्ये कधीच टाकायचं नाही. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, मात्रा हाती राहत नाही, आणि गोगलगायी, खेकडे, दगडातले बाकी जीव मरून तुमचा टँक सडतो. वेगळा साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाईपचा तुकडा, वाळू नाही, आणि तांब्याची टेस्ट किट हातात असल्याशिवाय तांब्याची बाटली उघडायची नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तांब्याची मात्रा दहापट वेगळी असते, त्यामुळे दुकानदाराच्या 'दोन झाकणं टाका'वर जाऊ नका. टँगला तांबं तसंही कमी सोसतं, तुमच्यासारख्या उपाशी टँगला तर आणखी कमी, म्हणून आधी चार घास पोटात जाऊ द्या. तो स्पंज मात्र आजच टँकमध्ये मागच्या बाजूला सोडून ठेवा, त्यात बॅक्टेरिया बसायला तीन-चार आठवडे लागतात आणि गरज पडेल तेव्हा तयार हवा. तुमची निळी बाटली मिथिलीन ब्लू असेल तर तीही फक्त टबात, फिल्टरचे बॅक्टेरिया ती मारते.

दोन आठवडे व्यवस्थित खाऊनही अंग धरत नसेल, शी पांढरी दोऱ्यासारखी होत असेल, तर पोटात परजीवी असू शकतात, त्याला खाण्यातून औषध द्यावं लागतं आणि ते माशांचं समजणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच करा. मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आहे, मत्स्यआरोग्याचा अभ्यास तिथे होतो, तिकडे चौकशी केलीत तर योग्य माणसाचा पत्ता लागेल.

आणि सगळं करूनही तो गेला तर ते तुमच्यामुळे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मला वाटतं हा राहील. एवढ्या घाणीत दोन महिने काढलेला मासा चिवट असतो.

राहिला तर पुढचा प्रश्न जागेचा. ब्लू टँग पूर्ण वाढला की जवळजवळ फुटाचा होतो आणि दिवसभर पोहणारा मासा आहे, तीन फुटी टँक हे त्याचं कायमचं घर नाही. बाजारातले बहुतेक ब्लू टँग अजूनही प्रवाळावरून पकडून आणलेलेच असतात, टँकमध्ये त्यांची पैदास करणं पहिल्यांदा जमलं तेच २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. म्हणजे हा जीव फार लांबून आलाय आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला समुद्रात सोडून यायचा विचार कृपा करून करू नका, आपल्या किनाऱ्याचा तो नाही, तिथे तो जगणार नाही आणि टँकमधले रोग तेवढे समुद्रात जातील. सहा फुटी टँक असलेला, आधी टँग सांभाळलेला माणूस शोधा, पण सलग पाच-सहा आठवडे चांगला खाऊन पाठ भरल्यावरच द्या, त्याआधी परत हलवलंत तर केलेलं सगळं पाण्यात.

आज रात्री फक्त एवढं करा, लाईट बंद, पंखा चालू, पहिलं पाच लिटर आरओ थेंबाने, आणि अमोनिया, पीएच, ग्रॅव्हिटी, तापमान आणि कल्ल्याचा आकडा असे पाच आकडे मला लिहून पाठवा. उद्याचं उद्या सकाळच्या आकड्यांवरून सांगतो.